ताण्यापासून दाखवायचं: हातमाग प्रात्यक्षिकाच्या नोंदी, सोलापूर

१६ जून

आयोजकांबरोबर पहिली बैठक झाली. राष्ट्रीय हातमाग दिनाला धरून ५ ते ८ ऑगस्ट असे चार दिवस पूर्व भागातल्या एका शाळेच्या सभागृहात हातमागाचं प्रात्यक्षिक करायचं आहे. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये परदेशी मालावरच्या बहिष्काराचा ठराव झाला. त्याची आठवण म्हणून २०१५ पासून हा दिवस पाळतात.

आराखड्यात लिहिलं होतं: एक माग, एक विणकर, मागे फ्लेक्स, पुढे फोटोसाठी जागा. मी म्हटलं, एवढंच असेल तर लोक आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना बघतील, मोबाइलवर अर्धा मिनिट टिपतील आणि घरी जातील. माग चालतो तो अगदी शेवटी. त्याच्या आधी सुताची लडी सोडवायची, धोट्यात बसणाऱ्या कांड्या भरायच्या, ताणा म्हणजे उभे धागे लावून घ्यायचे, त्यांना कांजीची खळ द्यायची, वहिफणी भरायची, म्हणजे एकेक उभा धागा मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवायचा. यातलं बहुतेक काम घरातल्या बायकांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि पोरांनी केलं, आणि कापडाचं कौतुक झालं तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. प्रात्यक्षिक ताण्यापासून सुरू होणार असेल तर मी काम घेते, असं स्पष्ट सांगितलं. बरीच चर्चा झाली. फ्लेक्स राहील, पण बाजूच्या भिंतीला. मधल्या जागेत कांडी, ताणा आणि माग अशा तीन जागा मांडायच्या.

१९ जून

साखर पेठेत विणकर अण्णांकडे गेले. वय सत्तरीच्या पुढे. उमेदीत इरकल साड्या विणल्या, नंतर बरीच वर्षं वॉल हँगिंग. देवांची चित्रं, पुढाऱ्यांची, कुणाच्या आईवडिलांची. चित्राचा कागद ताण्याखाली धरायचा आणि रंगीत सुताच्या बारक्या कांड्या जिथल्या तिथे हाताने घालत ओळीमागून ओळ वर चढायची. माग आता सुटा करून माळ्यावर ठेवलाय.

ताण्याचं बोलले ते त्यांना पटलं नाही. "ते काय दाखवायचं? घरचं काम ते. एवढे लोक येणार तर चांगलं काहीतरी दाखवू की. गणपतीचं एक अर्धं विणलेलं आहे माझ्याकडं." त्यांचं म्हणणं मला कळत होतं. जन्मभर कमावलेली कारागिरी सोडून सुताचा गुंता लोकांपुढे का मांडायचा? तेवढ्यात त्यांच्या पत्नी, अक्का, विड्यांचं सूप बाजूला सारून उठल्या, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "घरचं म्हणूनच आजवर कुणी बघितलं नाही. दाखवा की."

अक्का लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून या घरात कांड्या भरत होत्या. माग थांबला तशा विड्या वळायला लागल्या. पूर्व भागातल्या किती घरांची ही कथा आहे! तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं, पुरुष मागावर किंवा यंत्रमागावर, बायका सूप मांडीवर घेऊन दारात.

ठरलं असं: अण्णा माग चालवतील, अक्का ताण्याचं आणि कांडीचं काम दाखवतील. तयारीच्या दिवसांचं मानधन प्रदर्शनाच्या दिवसांइतकंच. अक्कांचं मानधन वेगळं, त्यांच्या हातात. हे आयोजकांना आजच लेखी कळवलं. गणपतीचं वॉल हँगिंग दाराशी न ठेवता शेवटी ठेवायचं, म्हणजे माणूस तिथे पोचेपर्यंत त्याला ते कसं बघायचं हे कळलेलं असेल. यावर अण्णा राजी झाले.

२४ जून

मागाचा प्रश्न. अण्णांचा माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाने दाबायच्या पावड्या खाली. जमिनीलगतची हवा थोडी ओलसर असते आणि ओलाव्यात सुती धागा कमी तुटतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खड्ड्याचा हा मोठा आधार. पण सभागृहाची फरशी उकरता येणार नाही.

उभ्या चौकटीचा माग मागून आणावा असं एकाने सुचवलं. त्याऐवजी मी लाकडी ओटा करायला सांगितला: अडीच फूट उंच, मध्ये खड्ड्याएवढी पोकळी, आणि समोरची बाजू पूर्ण उघडी. अशाने घरात जे कधीच दिसत नाही ते इथे दिसेल. एक पावडी दाबली की वहीची एक चौकट खाली जाते, दुसरी वर येते, ताण्याचे निम्मे धागे उचलले जातात आणि मधून धोट्याला वाट होते. दुसरी पावडी दाबली की उरलेले निम्मे वर. विणकाम म्हणजे मुळात एवढंच, आणि ते पायांनी होतं. बघणाऱ्यांची नजर मात्र कायम हातांवर. उघड्या बाजूसमोर मुलांसाठी बुटकी बाकं ठेवू, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर थेट पाय येतील.

सुतार अण्णांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेऊन गेला.

३० जून

सुताचा हिशेब. कापड मुद्दाम साधं घेतलंय: पंचा, २८ इंच पन्हा, किनारीला तांबडी रेघ. नक्षी असली की लोक नक्षी बघतात. साध्या विणीत उभा आणि आडवा धागा डोळ्यांना वेगळा करता येतो.

सूत २/४०, म्हणजे चाळीस नंबरच्या दोन धाग्यांना एकत्र पीळ दिलेलं. इंचाला ४० उभे धागे, २८ इंचांचे १,१२०. ताण्याची लांबी २० मीटर. एकूण धागा २२,४०० मीटर. इथून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. हा धागा सोडत निघालं तर निम्म्या वाटेपर्यंत पुरेल. आणि वजन? सुताचा नंबर म्हणजे ८४० यार्डांच्या किती लड्या एका पौंडात बसतात तो आकडा. दुहेरी चाळीस हिशेबाला वीस धरायचं, म्हणजे पौंडाला १६,८०० यार्ड. आपला ताणा सुमारे २४,५०० यार्ड, म्हणजे दीड पौंडाच्या जरा आतच. पाऊण किलोसुद्धा नाही!

हा हिशेब भिंतीवर मोठ्या अक्षरात लावायचा. "पंच्यात असं किती सूत असतंय?" असं विचारणाऱ्याला उत्तर मिळेल, आणि वजनावरून कापडाची किंमत करणाऱ्यालाही.

बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, आणि मुलांच्या सरावाचं धरून तीन किलो कोरं सूत आणलं. थोडं तांबडं.

५ जुलै

सभागृह बदललं. मोठं दुसऱ्या कार्यक्रमाला गेलं, आम्हाला मागचा हॉल आणि वऱ्हांडा. उजेड उत्तरेचा आहे, तो चांगलाच. छताचे पंखे मागाच्या बाजूचे बंद ठेवायला लागतील.

११ जुलै

ताणा झाला. पहाटे अण्णांच्या गल्लीत, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये २० मीटर. अक्कांच्या हातात आठ धाग्यांची फणीसारखी पट्टी, शेजारी जमिनीवर आठ रिळं. एका फेरीत आठ धागे पडतात. १,१२० धाग्यांना १४० फेऱ्या, प्रत्येक फेरी वीस मीटरची, म्हणजे जवळजवळ तीन किलोमीटर चाल. अक्का आणि त्यांच्या जाऊबाई आलटून पालटून चालल्या. दोघींचा वेग एकसारखा. तो तसा नसला तर धाग्याचा ताण कमीजास्त होतो, आणि सैल राहिलेला धागा पुढे मागावर लोंबतो, फणीत घासतो, तुटतो.

टोकाच्या खुंट्यांपाशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते, आणि ती इतकी पटकन होते की मला तीनदा थांबवून विचारावं लागलं. तिथे धाग्यांची फुली घालतात: एक धागा पहिल्या खुंटीच्या वरून आणि दुसरीच्या खालून, पुढचा बरोबर उलटा. या फुलीमुळे १,१२० धाग्यांचा क्रम कायम राहतो. नंतर फुलीत दोन काड्या घालून ठेवल्या की ताणा गुंडाळा, हलवा, टेम्पोत टाका, कुठला धागा कुणाच्या शेजारचा हे विसरलं जात नाही. फुली सुटली तर ते सूत फक्त गुंता म्हणून उरतं.

गल्लीतले लोक दारात येऊन उभे राहिले. समोरचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या लहानपणी सकाळी इथून सायकल न्यायची सोय नव्हती. ताणेच ताणे." दुधाची गाडी आली तेव्हा पोरांनी ताणा हातांनी वर उचलून धरला आणि ती खालून गेली.

यावरून पक्कं केलं: हॉलमध्ये रोज एक छोटा ताणा लोकांसमोर करायचा, पाच मीटरचा, अरुंद पट्टीचा. ज्याला चालायचं त्याने अक्कांबरोबर फेरी मारायची.

१३ जुलै

खळ. तांदळाची कांजी, फडक्यातून गाळून, वर थोडं खोबरेल. खळ धाग्याचे बारीक तंतू चिकटवून बसवते, नाहीतर फणीत पुन्हा पुन्हा घासून धागा पिंजतो. दाट झाली तर धागा कडक होऊन मोडतो, पातळ झाली तर उपयोग नाही. अक्का अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून बघतात. त्यांना प्रमाण विचारलं तर म्हणाल्या, "बोटाला कळतंय." मी तरी मोजून लिहून घेतलं, कारण शिकणाऱ्याच्या बोटाला ते कळायला वेळ लागणार आहे.

ताणा पुन्हा गल्लीत ताणला. कुंचा एकाच दिशेने फिरवायचा, उलटा फिरला तर तंतू उभे राहतात. वाळेपर्यंत काड्या पुढेमागे सरकवत राहायचं, म्हणजे धागे एकमेकांना चिकटत नाहीत. दुपारी आभाळ भरून आलं, ताडपत्री काढली, चार थेंब पडून गेले. ताणा वाचला.

१८ जुलै

वहिफणी. अक्का पुढे, जाऊबाई मागे. मागची एकेक धागा क्रमाने देते, पुढची हुकाने तो वहीच्या डोळ्यातून ओढते: एक पहिल्या चौकटीत, पुढचा दुसऱ्या चौकटीत. मग फणीच्या एकेका घरात दोन-दोन धागे. इंचाला वीस घरं, २८ इंचांत ५६०. बोलणं कमी, आणि बोललं तर तेलुगूत. मध्ये एकदा जेवायला उठल्या: भाकरी, शेंगाचटणी, दही.

एका घरात तीन धागे गेले होते. ते तसेच राहिले असते तर सगळ्या वीस मीटरभर एक दाट रेघ दिसली असती. जाऊबाईंनी फणी उजेडाकडे धरली आणि लगेच बोट ठेवलं. तिथून पुढचं सगळं काढून पुन्हा भरलं.

यंत्रमागाच्या कारखान्यातही हे काम हातानेच होत आलंय, वहिफणी कामगार ही तिथली स्वतंत्र ओळख. प्रदर्शनात लोकांना भरलेली वहिफणी नुसती दाखवून चालणार नाही. एक जुनी फणी आणि चाळीस धाग्यांचा तुकडा टेबलावर ठेवू, हुक हातात देऊ. पाच धागे ओवून बघितले की मान किती लवकर भरून येते ते ज्याचं त्याला समजेल.

२३ जुलै

अण्णांच्या घरी माग जोडला, ओट्यावर चढवून बघितला. पहिल्या दिवशी धागे फार तुटले. अण्णांनी कुणाला दोष दिला नाही, ताण थोडा उतरवला, मागच्या बाजूला ओलं पोतं अंथरलं, बाण्याच्या कांड्या पाण्यात बुडवून निथळून घेतल्या. संध्याकाळपर्यंत माग लयीत आला.

मोजलं: इंचाला ३६ आडवे धागे पडतात. एका मीटरला साधारण १,४०० वेळा धोटा जातो. दीड मीटरच्या एका पंच्याला २,१०० वेळा. प्रत्येक वेळी पाय, दोरीचा झटका, फणीचा ठोका.

अण्णांनी दोरी सोडून हाताने धोटा टाकूनही दाखवला, त्यांनी वडिलांकडून तसं शिकलेलं. एका हाताने टाकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा. कापडाचा पन्हा माणसाच्या हातांच्या आवाक्याएवढाच. १७३३ मध्ये जॉन के याने इंग्लंडमध्ये दोरीने उडणारा धोटा काढला तेव्हा ही मर्यादा गेली, आणि एकाच माणसाला रुंद कापड विणता यायला लागलं. हे रोज एकदा करून दाखवायचं. शेजारी शेजारी बघितलं की शोध कशासाठी लागला ते सांगायची गरज उरत नाही.

धोट्याच्या दोन्ही टोकांना धातूची टोकं असतात. सुटला तर लागतो. दोन्ही बाजूंना तीन फुटांवर दोरी बांधायची, मुलं त्याच्या आत नकोत.

२८ जुलै

भिंतीवरचा मजकूर लिहून पूर्ण केला. थोडकाच ठेवला. शहराचा भाग असा: १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. तेलंगणातून दुष्काळात आणि कामाच्या शोधात विणकर घरं येत राहिली. मार्कंडेय ऋषींचे पुत्र भावनाऋषी यांनी कमळाच्या देठातल्या तंतूंचं वस्त्र देवांसाठी विणलं, ही पद्मशाली समाजाची श्रद्धा आणि नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, हे अण्णांच्या शब्दांत घेतलं.

एका वाक्यावर आयोजकांशी वाद झाला. त्यांना लिहायचं होतं "हातमागावर विणलेली जगप्रसिद्ध सोलापुरी चादर". चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान मलाही आहे, पण आजची चादर जेकार्ड, म्हणजे नक्षीसाठी धागे उचलणारं यंत्र, लावलेल्या यंत्रमागावर निघते. तेच लिहिलं. तिची करामत वेगळी आहे: पुढे जो रंग नक्षीला, तोच मागे जमिनीला, म्हणून दोन्ही बाजू वापरता येतात. एक चादर टेबलावर ठेवू, लोकांनी उलटून बघावी. यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसाला या प्रदर्शनात कमी लेखलं जाता कामा नये. हॉलमध्ये येणाऱ्यांपैकी निम्मी त्याच घरांतली असतील.

हातमाग ओळखायचा कसा, हा प्रश्न येणारच. २००६ पासूनचं हातमाग चिन्ह बघा आणि विणणाऱ्याला भेटा, एवढंच लिहिलं. किनारीवरच्या भोकांवरून किंवा विणीतल्या कमीजास्तपणावरून खात्रीने सांगता येतं हे मला मान्य नाही. चांगल्या विणकराचं कापड इतकं सारखं असतं की त्यातले दोष शोधणं हा त्याचा अपमान आहे.

२ ऑगस्ट

टेम्पो, माग, ओटा. वहिफणी आणि ताणा एकाच लांब लाकडी पट्टीला बांधून चार जणांनी खांद्यावरून नेला. संध्याकाळी हॉलमध्ये पहिला खटका ऐकू आला.

५ ऑगस्ट

सकाळी शाळेचीच मुलं, वर्गावर वर्ग. दुपारनंतर रस्त्यावरचे लोक. आवाजाने आले बरेच. पन्नाशीचे एक गृहस्थ स्कूटर लावून आत आले, कुणाशी बोलले नाहीत, डोळे मिटून उभे राहिले. जाताना म्हणाले, "आमच्या घरात चार होते."

विणणं आणि बोलणं एकदम होत नाही. अण्णांना कुणी मध्येच प्रश्न विचारला की लय मोडते. म्हणून वीस मिनिटं नुसतं विणणं, मग दहा मिनिटं हात थांबवून प्रश्न, असं सुरू केलं. आणि एक गोष्ट आज नीट दिसली. माग सलग चालतो तेव्हा गर्दी दोन मिनिटांत विरते. धागा तुटला की लोक पुढे झुकतात. अण्णा मागे वाकून तुटलेलं टोक शोधतात, नवा तुकडा गाठ मारून जोडतात, वहीतून, फणीतून ओढतात, तेवढा वेळ कुणी हलत नाही. १,१२० मधला एक धागा कुठला होता हे त्यांना कसं कळलं, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. तेव्हा मी माईक खाली ठेवते. काड्यांमधली फुली अण्णाच बोटाने दाखवतात.

६ ऑगस्ट

आजचा दिवस अक्कांचा. संध्याकाळी विड्या जमा करून घरी निघालेल्या सात-आठ बायका पिशव्या घेऊन आत आल्या. मागाकडे बघितलं न बघितलं आणि सरळ कांडीच्या जागी गेल्या. तिथे रहाटावर एक कॉलेजची मुलगी सराव करत होती, कांडी मधोमध फुगत होती. त्यातल्या एकीने पिशवी खाली ठेवली, "सर ग बाई जरा," म्हणून बसली, आणि बोलता बोलता कांडी भरून काढली: दोन्ही टोकं निमुळती, मध्ये एकसारखी. धोट्यात घातली तर शेवटपर्यंत न अडकता सुटली. तिने सांगितलं की लहानपणी शाळेतून आल्यावर इतक्या कांड्या भरल्याशिवाय खेळायला सोडत नसत. मग दुसरी बसली, मग तिसरी. कुणाचं बोट पटकन चालतं यावर हसणं, चिडवणं. हॉलमधले बाकीचे लोक मागाकडे पाठ करून या बायकांभोवती उभे होते.

त्यांच्यातल्या एकीच्या मुलाने, असेल बारा-तेरा वर्षांचा, तिला विचारलं, "आई, तुला हे येतं?" ती म्हणाली, "येतंय की. कुणी विचारलं नाही."

अण्णा माग थांबवून बघत होते. रात्री आवरताना म्हणाले, "उद्या ताण्याच्या फेरीला मी बी चालतो." सकाळच्या ताण्याला ते रिळं धरायला उभे राहणार आहेत.

७ ऑगस्ट

सगळ्यात जास्त गर्दी. सत्कार, भाषणं, फोटो. ते सगळं वऱ्हांड्यात उरकलं, मागाच्या हॉलमध्ये नको असं आधीच ठरवलं होतं.

यंत्रमाग कारखान्यातला एक जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, बराच वेळ ओट्याच्या उघड्या बाजूला उकिडवा बसून पावड्या बघत होता. त्याने दाखवून दिलं की डाव्या पावडीची दोरी किंचित लांब आहे, म्हणून एका बाजूची वाट अरुंद उघडते आणि धोटा अधूनमधून खालच्या धाग्यांना घासतो. अण्णांनी त्यालाच दोरी बांधायला दिली. त्यानंतर दुपारभर धागे फार कमी तुटले. दोघं चहाला बाहेर गेले ते अर्ध्या तासाने परतले.

"पंचा केवढ्याला?" हा प्रश्न दिवसभर. किंमत ऐकून एक बाई म्हणाल्या, बाजारात याच्या चौथ्या हिश्शात मिळतो. मी त्यांना १४० फेऱ्यांच्या पाटीपाशी नेलं नाही, सरळ अक्कांबरोबर ताण्याच्या फेरीला पाठवलं. त्या चालल्या, फुली घातली, एकदा चुकली, पुन्हा घातली. परत येऊन त्यांनी किंमत पुन्हा काढली नाही, पण पंचा अजून कापलेला नाही हे कळल्यावर तो कधी मिळेल ते विचारून गेल्या. माझ्या मते सवलत, घोषणा आणि अभिमानाची वाक्यं यांपेक्षा ही पाच मीटरची फेरी जास्त काम करते.

८ ऑगस्ट

शेवटचा दिवस. चौथीच्या एका मुलीने विचारलं की फुली दोन्ही टोकांना का, एका टोकाला पुरणार नाही का? चार दिवसांतला सगळ्यात नेमका प्रश्न. अण्णांनी तिला ओट्यावर बोलावून घेतलं आणि उत्तर दिलं: एक फुली वहिफणी भरताना लागते, दुसरी ताणा मागाच्या रुळावर गुंडाळताना आणि चुकलेलं शोधताना.

गणपतीच्या वॉल हँगिंगपाशी आज लोक जास्त थांबले. ताणा-बाणा बघून आलेला माणूस चित्राकडे पोचला की पहिल्यांदा मागची बाजू उलटून बघतो. अण्णांना हे दाखवलं. त्यांना फार बरं वाटलं.

१३ ऑगस्ट

हिशेब पूर्ण, सगळ्यांचं मानधन पोचलं. विणलेलं कापड सात मीटरच्या वर, त्यातून चार पंचे निघाले, बाकी तुकडा नमुन्याला. अकरा-बारा मीटर ताणा अजून मागावर आहे.

शिकायचं म्हणून दोघं जण अण्णांच्या घरी येऊन गेले: आयटीआयची एक विद्यार्थिनी आणि त्या जॉबरचा पुतण्या. उरलेला ताणा त्यांच्यासाठी. आयोजकांनी माग वर्षभर मागच्या हॉलमध्ये ठेवायला परवानगी दिली. गणपती झाले की सुरू करायचं. पहिला महिना माग नाही, फक्त कांडी, ताणा आणि खळ. शिकवणार अक्का, आणि कागदावर शिक्षिका म्हणून नाव त्यांचं. सही करताना त्यांनी तेलुगूत केली.

अण्णांची एक सूचना लिहून ठेवते, कारण ती विसरली तर पुन्हा दीड-दोन दिवसांचं काम पडेल: हा ताणा संपत आला की शेवटपर्यंत विणायचा नाही. वहिफणीत हातभर धागे तसेच ठेवून कापड कापायचं. नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्या टोकाला गाठून हलकेच पुढे ओढलं की १,१२० धागे पुन्हा ओवावे लागत नाहीत. त्या गाठी मारायला दोघं शिकणारे बसतील.

उद्या सुताची मागणी नोंदवायची: २/४० कोरं, दोन किलो. किनारीला या वेळी हिरवं. अक्कांना हिरवी किनार हवी आहे.